लवू घाडीचं रोजचं गाऱ्हाणं

सकाळी मरोळला कामावर निघताना मी दाराला कुलूप लावते, तेव्हा समोरच्या दारात लवूदादा खुर्ची टाकून बसलेले असतात. चष्मा कपाळावर, फोन नाकाजवळ आणि उजव्या हाताचं एकच बोट ताठ उभं. मी विचारते, "काय दादा, आज काय?"

"आज भोंगे," ते म्हणतात. किंवा, "आज सोवळा-ओवळा." मध्यंतरी एकदा म्हणाले, "आज कबुतरां. आता कबुतरांतय धर्म इलो." त्यांची बायको वनमालावैनी मासळीवालीला टोपलीत काय आहे ते विचारते, त्याच चालीवर आमचं हे बोलणं चालतं. ताजं काय आलंय ते कळलं की मी जिना उतरते.

लवू घाडी हा मालवणजवळच्या एका गावचा माणूस. विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्यात टर्नर म्हणून अख्खी नोकरी काढली आणि निवृत्त होऊन कन्नमवार नगरातल्या आमच्या इमारतीत निवांत झाले. निवांत म्हणजे शरीराने. देशात कुठेही जातीवरून, देवावरून किंवा नुसत्या मटणाच्या रश्शावरून भांडण सुरू झालं की त्यावर दादांचं मत तयार असतं आणि ते फेसबुकवर पडतं. आता यात नवल काही नाही. आमच्या इमारतीत पाणी कमी येतं, मतं धो धो येतात. मला तर सकाळी सकाळी कुणाचं मत ऐकलं की चहा कडू लागतो. पण दादांची गोष्ट वेगळी होती. दादा मत देत नाहीत, गाऱ्हाणं घालतात.

मी साताऱ्याकडची. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार, रड. कोकणात तसं नाही. जत्रा असो, लग्न असो, गावचा मानकरी देवासमोर उभा राहून खणखणीत आवाजात सांगतो, बा म्हाराजा, ही तुझी लेकरं जमली आहेत, यांची अशी अशी अडचण आहे, ती तू दूर कर. प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, "होय म्हाराजा!" लवूदादांच्या गावात हा मान घाडी घराण्याचा. त्यांच्या वडिलांनी देवळात गाऱ्हाणं घातलं की नदीपलीकडे ऐकू जायचं म्हणे. दादा मात्र मुंबईत येऊन मशीनवर उभे राहिले. त्या खात्यात असा आवाज की शेजारच्याला बोलवायचं तर खांद्यावर थापच मारावी लागे. डावा कान त्यांनी तिथेच घालवला. "मी काय बोल्लंय तां इतकी वर्षां माझा माकाच ऐकाक येवक नाय," असं ते सांगतात, आणि हे सांगताना ते हसत नाहीत.

बोरिवलीला दिलेल्या मुलीने, श्वेताने, त्यांना फोन घेऊन दिला. खातं उघडून, लिहायचं कसं, इथलं उचलून तिथे चिकटवायचं कसं, हे मी शिकवलं. पहिल्याच आठवड्यात कुठल्याशा देवळात कोणी काय कपडे घालून यावं यावरून वाद पेटला होता. दादांनी लिहिलं:

"बा म्हाराजा! तुझ्या दारात येताना कोणी काय नेसूचा, यावर आज मोठा भांडाण लागलाहा. तू सोता उघडो पाषाण होतंस, तेव्हा आमीच तुका पितांबर नेसयला. ह्या जे इसारले, तेंका आठवण दी रे म्हाराजा!"

खाली ओळीने सुरू झालं. होय म्हाराजा. होय म्हाराजा. डोंबिवलीहून, कुवेतहून, खारदांड्याहून कुठून कुठून. त्या दिवशी दादा नुसते चमकत होते. त्यांना लाइकचं काही नाही, "अंगठो काय कोणय दाखवता," म्हणतात. 'होय म्हाराजा' आलं की झालं. रोज शंभर, दोनशे, सणासुदीला चारशे माणसं त्यांना होय म्हणू लागली. वडिलांचा आवाज नदीपलीकडे गेला, आपला समुद्रापलीकडे गेला, असं त्यांना मनातून वाटायचं. का वाटू नये?

शिव्याही यायच्या. एकाच गाऱ्हाण्याखाली एक जण त्यांना धर्मबुडव्या म्हणायचा आणि लगेच खाली दुसरा धर्मवेडा. दादा प्रत्येकाला एका बोटाने उत्तर लिहायचे: "आपण रागावलात. चाय घेतलात काय?"

या सगळ्याला 'होय' न म्हणणारा इमारतीत एकच माणूस, तळमजल्यावरचे शिवदास खरात. मूळचे जालन्याकडचे, दादांच्याच खात्यात शेजारच्या मशीनवर होते. खांद्यावर थापा मारून झालेली ती दोस्ती. शिवदासभाऊ बौद्ध, रविवारी विहारात मुलांना शिकवतात, देव मानत नाहीत, त्यामुळे म्हाराजाला हाक मारायचा प्रश्नच नाही. पण संध्याकाळ झाली की वर येतात, दारातच विचारतात, "लव्या, आज काय दिवे लावलेस?" मग दोघांची अशी जुंपते की खालून शिवदासभाऊंची बायको कमलवहिनी जेवायला हाका मारतात तेव्हाच थांबते.

"तुझा देव ऐकतो का रे ते गाऱ्हाणं?" शिवदासभाऊ विचारतात.

"तो नाय ऐकलो तरी तू ऐकतंस मा," दादा म्हणतात, "जिने चढान येतंस."

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं. गेल्या भाद्रपदात दादा-वैनी गावच्या पाच दिवसांच्या गणपतीहून परतले आणि अनंत चतुर्दशीला आमच्या रस्त्यावरून मिरवणूक गेली. डीजेच्या भिंती एवढ्या की आमच्या फडताळातली भांडी आपोआप जागा बदलू लागली. दादांनी चांगल्या कानावर उशी दाबून बसून ती संध्याकाळ काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारायच्या आतच म्हणाले, "आज डीजे." तोंड लालबुंद होतं.

त्याच सकाळी त्यांची मोरीही तुंबली होती, आणि वैनी आतून मिनिटामिनिटाला आठवण करत होत्या की त्या प्लंबरला निरोप धाडा. दादा एकीकडे देवाला लिहीत होते, दुसरीकडे प्लंबरला. दोन्ही निरोप गेले. गाऱ्हाणं पेटलंच. "आमचो देव फुडे आणि भोंगे तेच्या डोक्यावर! ह्या डीजेवाल्यांक आईबाप नसतत, म्हणान दुसऱ्यांच्या आईबापाचा काळीज तेंका दिसना नाय. तेंका बुद्धी दी रे म्हाराजा!" लोकांनी ते इकडून तिकडे इतकं पाठवलं की माझ्या मरोळच्या ऑफिसातल्या बाईने मलाच ते दाखवलं. चारशेवर 'होय म्हाराजा' पडले.

आणि त्यात एक 'नाय म्हाराजा' पडला.

लिहिणारा होता 'राजा साउंड, भांडुप'. घाडी घराण्याच्या गाऱ्हाण्याला कुणी 'नाय' म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. दादा खुर्चीत सावरून बसले. नेहमीप्रमाणे चहाचं विचारलं. त्यावर राजा साउंडने लिहिलं, "चहा तुझ्या घरी येऊन पितो म्हाताऱ्या. हिंमत असेल तर पत्ता टाक."

आता असं कुणी म्हटलं की शहाणा माणूस गप्प बसतो, नाहीतर पोलिसाचं नाव घेतो. लवूदादांनी पत्ता टाकला. सगळ्या जगाला दिसेल असा. इमारत क्रमांक, मजला, आणि खाली प्रेमाने लिहिलं: "विक्रोळीक पूर्वेक उतर. रिक्षावालो फिरवून नेता, चलत ये, लांब नाय. रविवारी ये. सोमवारी आमचो वार असता, तुका नुसती डाळ खावची लागात."

वैनींना हे श्वेताकडून कळलं. श्वेता बोरिवलीहून फोनवर ओरडत होती आणि स्पीकर चालू असल्याने मला माझ्या घरात ऐकू येत होतं. "बाबा, तो मारायला येतोय! पाहुणा नाहीये तो!"

"येवंदे तर खरो," दादा म्हणाले.

"पत्तो मागलो म्हणान दितत?" वैनी कडाडल्या. "उद्या कपाटाची चावी मागीत, ती पण देशात!"

"माणूस घराक येतंय म्हणता. तेका नको म्हणा? आपल्याकडे तशी रीत आसा काय?"

यावर वैनी जास्तच भडकल्या. मला हाक मारून साक्षीला बसवलं. म्हणाल्या, "क्षमा, तुझ्यासमोर सांगतंय. रविवारी तो माणूस दारात येवन एक जरी वाकडा शब्द बोल्लो, तर त्याच दिवशी ह्यांचा फेसबुक बंद. कायमचा. ह्यांका रवळनाथाची शपथ घेवक सांग."

रवळनाथ म्हणजे त्यांच्या गावचा देव, ज्याच्यासमोर दादांच्या वाडवडिलांनी गाऱ्हाणी घातली. ती शपथ मोडायची नसते. दादांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. त्यांनी शपथ घेतली. मला खरंच वाईट वाटलं. त्या फोनवर माझा काडीचा विश्वास नाही, पण त्या फोनने या माणसाला त्याचा आवाज परत दिला होता, हे मी रोज सकाळी बघत होते.

रविवार उजाडला. वैनींचा राग असा की मारेकऱ्यासाठी बांगडे दोन वाटे जास्त आणले. दादा आंघोळ करून पांढरा शर्ट घालून बसले. शिवदासभाऊ काठी घेऊन वर आले. त्यांना काठी लागत नाही, ते झपाझप चालतात.

"काठी कित्याक?" दादांनी विचारलं.

"गुडघा दुखतोय," शिवदासभाऊ म्हणाले आणि दाराकडे तोंड करून बसले.

मीही गेले. माझं तिथे काम काहीच नव्हतं, पण अशा वेळी घरात कोण बसतं?

दहा वाजले, अकरा वाजले. मोरी अजून तुंबलेलीच होती. प्लंबरचा पत्ता नाही, वैनी भांडी बादलीत धुऊन बादली खाली नेऊन ओतत होत्या आणि तोंडाचा पट्टा चालू होता. इतक्यात बेल वाजली. वैनींनी मसाल्याच्या हातानेच दार उघडलं. बाहेर तिशी-पस्तिशीचा एक गडी, दंड भरलेले, खांद्याला पिशवी, घामाघूम.

"इलंस बाबा एकदाचो!" वैनी त्याला काही बोलूच देईनात. "किती दिवस झाले निरोप धाडून! माणसान जगाचा तरी कसा? ये, हय ये, चपला ऱ्हवंदेत."

"काकी, मी..."

"मागसून सांग. आदी ही मोरी बघ."

त्याला मनगटाला धरून त्यांनी आत नेलं. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हायसं वाटलं, चला, प्लंबर तरी आला. "लवकर आटप रे बाबा," शिवदासभाऊंनी आत हाक दिली, "आमच्याकडे एक जण भांडायला येणार आहे."

 मग तो म्हणाला, "काकी, जाड वायर आहे का जुनी?" वैनींनी माळ्यावरून कसली तरी वायर दिली. खसखस, खडखड आवाज झाला, आणि मग आठवड्याचं साचलेलं पाणी गुळगुळ करत खाली गेलं. वैनींच्या तोंडून "रवळनाथा!" असं काही निघालं की वाटलं देवच प्रसन्न झाला. गडी हात धुऊन बाहेर आला, बाह्या खाली केल्या.

"किती दिवचे तुका?" वैनींनी विचारलं.

"काही नको," तो म्हणाला. "मी राजेश. राजा साउंड, भांडुप. मी भांडायला आलोय."

शिवदासभाऊंची काठी खाली पडली. दादा उठून उभे राहिले.  म्हणाले, "मगे मोरी कित्याक काढलंस?"

"काकी हात सोडेचनात. आणि मला माहीत होतं ना तुमची मोरी तुंबलीय. तुम्हीच लिहिलंय की."

"मी? खय?"

राजेशने फोन काढला आणि उभ्या उभ्या वाचून दाखवलं. डीजेचं गाऱ्हाणं, भोंगे, देवाचं डोकं, आणि मग मध्येच: "मोरी तुंबलीहा, पाणी भायर येता, उद्या सकाळी येवन काढून दी, वैनी तापलीहा." त्यापुढे परत, "ह्या डीजेवाल्यांक आईबाप नसतत." इथलं उचलून तिथे चिकटवताना दादांनी दोन्ही निरोप एका मुठीत उचलले होते. देवाला मोरी गेली आणि प्लंबरला काहीच गेलं नाही.

वैनी खालीच बसल्या आणि हसू लागल्या. "तरीच! तरीच तो मेलो येवक नाय!" हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी हसले, शिवदासभाऊ काठी उचलता उचलता हसले, राजेशही नाइलाजाने हसला. भांडायला आलेल्या माणसाचं अशा वेळी फार नुकसान होतं.

हसले नाहीत ते लवूदादा. ते फोन हातात घेऊन खालच्या ओळी बघत होते. होय म्हाराजा, होय म्हाराजा. चारशेच्या वर माणसं. एकानेही विचारलं नव्हतं की बाबा, मोरीचं काय?

"शिवदास, तू तरी?" त्यांनी विचारलं.

"मी तुझं कुठे वाचतो?" शिवदासभाऊ म्हणाले. "मी वर येऊन ऐकतो की. वाचायला कशाला पाहिजे?"

मी खिडकीबाहेर बघू लागले. मीही वाचलं नव्हतं. ऑफिसात त्या बाईने दाखवलं तेव्हा 'छान छान' म्हणून परत दिलं होतं.

भांडण मग झालंच, ते काही टळलं नाही. राजेशचा आवाजच मुळात साउंडवाल्याचा. तो म्हणाला, "काका, आवाज कमी करा म्हणता ना, म्हणा. नवरात्रीचं एक मंडळ तुमचं लिहिलेलं दाखवून मला नाही म्हणालं, तेही मी सोसेन. पण आईबाप नसतात म्हणजे? माझी आई हार्टपेशंट आहे. सीझन आला की मी तिला मामाकडे महाडला पोचवून येतो, कारण तिला तो आवाज सोसत नाही. माझाच आवाज! हे मला माहीत नाही असं वाटतं तुम्हाला? माझ्यावर चार घरं चालतात. मंडळ म्हणतं वाढव, पोलीस म्हणतात कमी कर, आणि तुम्ही म्हणता तुला आई नाही." शेवटचं बोलताना त्याचा आवाज फाटला. त्याने पाणी मागितलं.

दादांनी स्वतः उठून पाणी दिलं. म्हणाले, "तां वाक्य खोटा आसा. रागान लिवलंय. काढून टाकतंय."

"आणि बाकीचं?"

"बाकीचा ऱ्हवतला. आवाज कमी होवकच व्हयो. माझो एक कान गेलोहा, माका म्हायत आसा."

"मग आपलं जमायचं नाही," राजेश म्हणाला.

"नाय जमला तर नाय. जेवन जा."

तो नको नको म्हणत जेवला, आणि बांगड्याचा दुसरा तुकडा मागून घेतला. जेवतानाही दोघं हट्टाने भांडत होते. राजेशला दादांची जुनी गाऱ्हाणी तोंडपाठ होती. "त्या कपड्यांच्या वेळी तुम्ही बरोबर होतात काका, पण भोंग्यांच्या वेळी दोन्ही दगडांवर पाय ठेवलेत," असं तो म्हणाला तेव्हा शिवदासभाऊंनी ताट बाजूला सारून टाळीच दिली. ते वर्षभर हेच सांगत होते.

राजेश गेला. वैनी मला म्हणाल्या, "दारात वाकडा काय बोल्लो नाय हां तो. बोल्लंय ती मीच." म्हणजे शपथ लागू नव्हती, दादा सुटले होते. मी त्यांना आनंदाची बातमी द्यावी तशी हे सांगायला गेले, तर ते खुर्चीत बसून होते आणि फोन उपडा ठेवला होता.

"क्षमा, ह्या बंद कसा करतत तां दाखव," ते म्हणाले.

"अहो, पण शपथ..."

"शपथेचा नाय. माका वाटला, लोक ऐकतत. तेंका मी मोरी दिली, तेकाय होय म्हटल्यानी. उद्या काय वाटेल तां लिवलंय तरी होय म्हणतले. मग मशीनवर काय वायट होता? थय तरी कोण ऐकना नाय, ह्या उघड होता."

 खातं बंद करण्याचं मी जाणूनबुजून विसरले. त्यांनी ते एक वाक्य मात्र काढलं, मोरी तशीच ठेवली, आणि लिहायचं थांबवलं.

पुढचे दिवस फार वाईट गेले. सकाळी मी दार उघडायचे तर समोर खुर्चीवर माणूस असायचा, फोन नसायचा. "काय दादा, आज काय?" विचारलं तर म्हणायचे, "आज काय नाय." शिवदासभाऊ संध्याकाळी येऊन मुद्दाम देवाला काहीबाही बोलायचे, दादा उचकतच नव्हते. कमलवहिनींना जेवायला हाका माराव्या लागेनात, नवरा वेळेवर खाली यायचा आणि आल्यावर चिडचिड करायचा. आयुष्यभर वैनी म्हणत आल्या की हा माणूस जरा गप्प बसेल तर बरं. आता तो गप्प बसला होता आणि त्यांना घरात करमेना.

अशात कुठल्याशा उपनगरात एका सोसायटीने मासे खाणाऱ्याला भाड्याने जागा नाकारली आणि सगळीकडे रण पेटलं. मासे! लवूदादांच्या ताटातला विषय. सकाळी मी बाहेर आले तर त्यांचं उजवं बोट गुडघ्यावर नुसतंच आपटत होतं. वैनी दारात आल्या, हातात फोन. तो त्यांनी दादांच्या मांडीवर ठेवला.

"लिवा," त्या म्हणाल्या.

"कोणासाठी?"

"त्या भांडुपच्या पोराक आदी धाडा. तो काय म्हणता तां बघा, मगे बाकीच्यांक घाला."

"तो परत भांडात."

"मगे? भांडांदे. बांगडे खावन जाय तरी." वैनींचा आवाज एकदम उतरला. "असा गप बसा नको. माका भिया वाटता."

दादांनी चष्मा खाली ओढला. मी त्या दिवशी बस सोडली. ऑफिसात काय सांगायचं ते नंतर बघू म्हटलं. बराच वेळ ते एक बोट ठकठक करत होतं. लिहून झाल्यावर त्यांनी मला दाखवलं. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट वाचलं, यात मोरीबिरी काही नाही याची खात्री केली. मग त्यांनी ते राजेशला पाठवलं.

उत्तर येईना. वैनींनी चहा केला, तो झाला. शिवदासभाऊ दूध घेऊन वर जिना चढत आले, त्यांना सकाळी वर यायचं काहीच कारण नव्हतं. आम्ही चौघं एका फोनकडे बघत होतो. शेवटी तो टुंग वाजला. दादांनी चांगल्या कानाच्या बाजूला मान वळवून, जणू ऐकायचंच आहे असं, ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"काका, वाचलं. सुरुवात झकास. पण 'शाकाहारी माणसाच्या मनात दया नसता' हे चुकीचं आहे, माझी अर्धी गिऱ्हाइकं शाकाहारी आहेत, त्यांनी मला घरात बसवून जेवू घातलंय. ते काढा. मधे तुम्ही सरकारला सोडून दिलंत, का? शेवट मला पटला नाही, त्यावर फोन करून भांडतो, आता सामान चढवतोय. आणि परत एकदा सांगतो, डीजेबद्दल तुम्ही चूकच आहात."

दादा वाचता वाचता उभे राहिले होते. फोन दोन्ही हातांत धरलेला, चेहरा असा फुललेला की मी त्यांना इतक्या वर्षांत तसं पाहिलं नव्हतं.

"वाचल्यान गो!" ते वैनींना म्हणाले. "पुरा वाचल्यान!"